तिसरं उत्तर

वकीलबाईंनी एकदाच विचारलं, तिथंच सगळं बिनसलं.

बाई वाईट नव्हत्या. हुशार होत्या, दिलेल्या वेळेला येत होत्या, म्हाताऱ्या बाबांशी उगाच ओरडून न बोलता सावकाश बोलत होत्या. पण या घरच्या नव्हत्या, त्याला कोण काय करणार? या घरात कुणाला काही द्यायचं तर तीनदा विचारावं लागतं, हे त्यांना कुठल्या कॉलेजात शिकवणार! घरातली बोबडी पोरंसुद्धा हे जाणायची. बिस्किट पुढं केलं की आधी 'नको', मग 'खरंच नको', आणि तिसऱ्यांदा विचारलं की दोन्ही मुठी भरलेल्या. बाबांच्या आजोबांनी घालून दिलेली ही रीत. ते लहानपणी दुसऱ्याच्या दारात वाढले होते, आणि वाढणाऱ्याचं मन खरं की खोटं हे ओळखायला त्यांनी हे गणित काढलं होतं. पहिलं उत्तर भिडेचं, दुसरं मानाचं, तिसरं मनाचं. एवढ्या एका वाक्यावर तीन पिढ्या भांडणाशिवाय पाव भाजत आल्या, असं निदान बाबा तरी सांगायचे. भांडणं झालीच नाहीत की कुणी तोंडच उघडलं नाही, हे विचारायची सोय नव्हती.

"भीड भिकेची बहीण," असं थोरलीची, म्हणजे थोरल्या सुनेची, आई म्हणायची. त्यांच्याकडं सगळा रोखठोक मामला. हवं तर घ्या, नको तर ठेवा. पण थोरली या घरात सून होऊन आली आणि बघता बघता सासरच्यांपेक्षा सासरची झाली. आता तिला कुणी खुर्ची दिली तरी ती आधी "राहू द्या" म्हणायची आणि गुडघे ठणकत असले तरी उभीच राहायची.

तर मागच्या आठवड्यात वकीलबाई खाली भट्टीत आल्या, तेव्हा थोरलीचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते.

"तुमचे सासरे मृत्युपत्र करतायत," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाला मी स्वतंत्र विचारतेय. घर, भट्टी, वरच्या खोल्या. तुम्हाला यातलं काही हवंय का?"

भट्टी! पहाटे उठून जिच्या पोटात तिनं लाकडं सारली, नवरा गेल्यावर जिच्यापुढं उभं राहून रडली, कारण तिथं डोळे लाल का झाले ते कुणी विचारत नाही, ती भट्टी. या जगात तिला दुसरं काही नको होतं.

"छे हो," ती म्हणाली, "मला काय करायचंय!"

आणि मळणं थांबवून वाट बघत राहिली.

वकीलबाईंनी कागदावर काहीतरी टिपलं, "आभारी आहे" म्हणाल्या, वास फार छान सुटलाय म्हणाल्या आणि गेल्या. थोरली हात पुसत दारापर्यंत गेली. बाई काहीतरी विसरल्या असतील, वळतील, असं तिला उगाचच वाटलं. बाई रिक्षात बसल्या.

आज वरच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले होते. ही खोली बरोबर भट्टीच्या डोक्यावर. थंडीतसुद्धा हिची फरशी कोमट असायची आणि घरातले सगळे जण लहानपणी इथंच, चटईसुद्धा न घालता झोपायला शिकले होते. बाबा खिडकीजवळच्या आरामखुर्चीत. येत्या सोमवारी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले होते, घाबरायचं काही नाही, पण या वयात कागदपत्रं नीट करून ठेवलेली बरी. हे ऐकून जो घाबरत नाही तो माणूसच नव्हे. म्हणून धाकटा मुलगा परगावाहून आला होता. तो तिकडं एका बँकेत साहेब होता आणि वर्षातून दोनदा यायचा. लेक आली होती. तिला लहानपणापासून सगळे चिमणी म्हणायचे, कारण ती गप्प बसत नसे. केस पिकले तरी चिमणीच. साक्षीदार म्हणून डॉक्टर स्वतः आणि समोरच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. थोरली दाराला टेकून उभी.

"आजारपणाचा कागद आपण परवाच केलाय," वकीलबाई म्हणाल्या. "उद्या यांची शुद्ध हरपली, तर उपचार कुठवर करायचे, नळ्या लावायच्या की नाही, हे थोरल्या सूनबाई ठरवतील. तसं यांनी लिहून दिलंय. आज राहिलं मृत्युपत्र. मसुदा वाचते. हरकत नसेल तर सही."

"वाचा," बाबा म्हणाले.

बाईंनी वाचलं. 'माझ्या मुलामुलींपैकी व सुनेपैकी कोणासही सदर घर व भट्टी यांत रस नसल्याचे त्यांनी सांगितल्यामुळे, माझ्या पश्चात सदर मिळकत विकून येणाऱ्या रकमेचे तीन समान भाग करावेत. एक मुलास, एक मुलीस, एक दिवंगत मुलाच्या पत्नीस.'

खाली कुणीतरी पत्र्याचा ट्रे टाकल्याचा आवाज आला, आणि तेवढाच.

"विकून?" चष्मेवाले म्हणाले. "म्हणजे समोरून पाव मिळायचा बंद? आणि त्यावर मी सही करायची?"

"मी तर पाव बंदच करायला सांगितलाय," डॉक्टर म्हणाले.

"यांना सांगितलाय. मला कुठं सांगितलाय?"

थोरलीनं चिमणीकडं बघितलं. चिमणीनं धाकट्याकडं बघितलं. धाकट्यानं छताकडं बघितलं.

"बरोबर आहे," धाकटा शेवटी म्हणाला. आवाज जरा जास्तच मोठा. "समान म्हणजे समान. कुणाला बोलायला जागा नाही."

"हो ना," चिमणी म्हणाली. "उत्तमच केलंत, बाबा."

"तुझं काय?" बाबांनी थोरलीकडं मान वळवली.

"तुम्ही कराल ते बरोबरच असेल," थोरली म्हणाली. तिचा गाल आतून चावला गेला होता. "चहा टाकते सगळ्यांना."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि बुक्के मारणारं दुसरं कुणी नाही, आपलीच मूठ.

स्वयंपाकघरात ती गॅस पेटवते न पेटवते तोच चिमणी मागोमाग आली आणि दार ढकलून घेतलं.

"वहिनी, अगं तू नको कशी म्हणालीस? भट्टी नको? तुला?"

"एकदाच विचारलं गं बाईंनी."

चिमणी तिच्याकडं बघत राहिली. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला. "मलासुद्धा एकदाच. फोनवर. मी म्हटलं, अहो मला काय कमी आहे! आणि थांबले. मला वाटलं आता म्हणतील, असं कसं, काहीतरी घ्याच. तर बाई म्हणाल्या, 'बरं, ठेवते.' आणि ठेवला की गं फोन!"

"तुला काय हवं होतं?"

"मागची खोली. आईची." चिमणीचं हसू पुसलं गेलं. "ती गेली तेव्हा मी वेळेवर पोचले नाही. त्या खोलीत एकदा तरी, माझी म्हणून, दार लावून बसायचं होतं. वेडेपणा आहे. असू दे."

दोघी हसल्या आणि हसता हसता दोघींच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि नेमका तेव्हाच धाकटा आत आला.

"इथं काय खलबतं चाललीत?"

"तुला किती वेळा विचारलं बाईंनी?" चिमणीनं त्यालाच उलटा सवाल केला.

तो वरमला. "एकदा. ऑफिसात येऊन. केबिनबाहेर लोक ताटकळत उभे. तिथं मी कसा म्हणणार, हो हो, मला बापाच्या घरातलं पाहिजे? मी म्हटलं, आम्हाला काही नको, वडील आहेत तेच पुष्कळ."

"वा! भाषणच की."

"गंमत सोड. पण बाबांनी स्वतः का नाही विचारलं?"

हे थोरलीला माहीत होतं. तिनंच तर बाबांना फोन लावून दिला होता. "ते म्हणाले, घरचे माझ्या तोंडावर खरं बोलत नाहीत, भिडेनं बोलतात. परक्या माणसाला खरं ते सांगतील."

"घ्या!" चिमणीनं कपाळावर हात मारला. "परक्याला आणि पहिल्या झटक्यात? या घरातलं माणूस? साऱ्या जन्मात आपल्याला ओळखलं नाही की काय या म्हाताऱ्यानं? आणि बघ ना, जगवायचं की नाही ते हिनं ठरवायचं, अन् भट्टी मात्र बाजारात!"

"हळू बोल," धाकटा म्हणाला. मग टेबलाच्या कडेवर टेकून त्यानं समजुतीचा सूर लावला. "पण खरं सांगू का, विकलं तर एवढं वाईट काय आहे? वहिनी, तुझे गुडघे बघ. किती वर्षं उभी राहशील अजून? आमच्याकडं ये. एक खोली आहे मोकळी."

"तुझ्याकडं?" चिमणी उसळली. "तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय? गुडघ्यांची फार काळजी रे तुला!"

"मग तुझ्याकडं ने."

"नेईन की! पण तिला यायचं असेल तर. तिला काय हवंय ते विचार ना."

"तूच विचार."

"मी काय विचारू? मला माहीत आहे. बाबांना सांगायला पाहिजे."

"मग सांग."

"मी? मी लग्न होऊन गेलेली. मी बोलले की म्हणतील लेक हिस्सा मागायला आली. तू मुलगा आहेस, तू सांग."

"मी धाकटा. आणि आत्ता, सही करायच्या वेळी? ते म्हणतील, आजवर तोंडाला कुलूप होतं का?" धाकट्यानं बिस्किटांचा ट्रे उचलला. "जाऊ दे गं वहिनी. सोमवारी ऑपरेशन आहे त्यांचं. मन दुखवायला नको."

हे खरं होतं. हेच तर नेहमी खरं असायचं. मन दुखवायला नको म्हणून या घरात आजवर कुणी काही मागितलं नव्हतं, आणि ज्याच्या त्याच्या छातीत न मागितलेल्या गोष्टींचं गाठोडं होतं. चिमणीच्या छातीत एक खोली होती. थोरलीच्या छातीत काय होतं ते चिमणीला माहीत नव्हतं.

एकदाच विचारणारी माणसं थोरलीला नवी नव्हती.

नवरा जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. शाळेत एक नवे मास्तर आले, गणिताचे. एवढे उंच, की दुकानाच्या खालच्या पायरीवर उभे राहिले तरी वरच्या पायरीवरच्या माणसापेक्षा उंच दिसायचे. रोज संध्याकाळी यायचे, एकच छोटा पाव घ्यायचे. एकट्या माणसाचा पाव. सुरुवातीला नुसते पैसे आणि पाव. मग पावसाबद्दल एखादं वाक्य. मग शाळेतल्या गमती. मग तिनं हसायला सुरुवात केली, आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं की दुपार सरली की ती केस पुन्हा विंचरते. कुणाला म्हणून सांगितलं नाही. स्वतःलासुद्धा नीटसं नाही.

एका संध्याकाळी ते म्हणाले, "माझी बदली झाली. लांब आहे. तिकडं समुद्र आहे." आणि थोडं थांबून, पाव हातात न घेता, "याल?"

इतकंच. याल? एका शब्दात सगळा संसार मांडून ठेवला त्या माणसानं.

आणि थोरली, जिच्या अंगातला कण न् कण 'हो' म्हणत होता, ती थोरली मान खाली घालून म्हणाली, "छे, काहीतरीच तुमचं!"

कुणाही शहाण्या माणसाला दिसलं असतं की तिचे कान लाल झालेत. पण मास्तर गणिताचे. त्यांच्या घरी नाही म्हणजे नाही असणार. ती पाव कागदात गुंडाळत राहिली, दोरा बांधला, सोडला, पुन्हा बांधला, की आता विचारतील, आता विचारतील. ते "बरं" म्हणाले. पाव घेतला आणि पायऱ्या उतरून गेले. ती दारात आली तोवर ते वळणाशी पोचले होते. हाक मारावी तर रस्ता माणसांनी भरलेला, आणि हाक मारायची तरी काय म्हणून? त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस ती एक छोटा पाव बाजूला काढून ठेवायची. शिळा झाला की कुस्करून पाखरांना घालायची. समुद्र तिनं अजून बघितला नव्हता. मुद्दाम बघितला नव्हता. भाचे-पुतणे सहलीला चल म्हणायचे, ती नको म्हणायची, आणि तिथं मात्र तिसऱ्यांदाही नकोच म्हणायची. अजूनही एखादं उंच माणूस पायरीशी थांबलं की तिचा हात तिच्या आधी छोट्या पावाकडं जायचा.

चहा उतू गेला. तिनं गॅस बंद केला.

"एकदा झालं," ती स्वतःशीच म्हणाली. "दोनदा नाही होऊ द्यायचं."

"काय?" चिमणीनं विचारलं.

पण थोरली तोवर बैठकीच्या खोलीत पोचली होती.

बाबांनी चष्मा चढवला होता. कागद मांडीवरच्या पाटावर, पेन हातात. वकीलबाई सहीची जागा बोटानं दाखवत होत्या.

"बाबा, थांबा," थोरली म्हणाली. "मला भट्टी हवी."

बाबांचं पेन कागदापासून वीतभर वर थांबलं.

"तुला कुणी विचारलं?" ते म्हणाले. रागानं नाही. त्यांना खरोखरच कळेना की न विचारता या खोलीत असलं वाक्य आलं कुठून.

"कुणीच नाही. मीच सांगतेय. मला पैसा नको, माझा हिस्सा नको. भट्टी हवी."

"आणि हवीच आहे तिला!" मागून येत चिमणी म्हणाली. "आणि मला आईची खोली हवी. हो, हवी! एकदा काय ते होऊन जाऊ दे."

"अगं पण, वहिनी," धाकट्यानं ट्रे टेकवला. साहेबाचा सूर आपोआप लागला. "भावना ठीक आहे. पण तुझ्यानंतर कोण? तुला मूल नाही. तुझ्या माघारी ती भट्टी तुझ्या भावाच्या पोरांकडं गेली तर? मी वाईट अर्थानं म्हणत नाही."

"वाईट अर्थानंच म्हणतोयस," चिमणी म्हणाली.

"तू मगाशी काय म्हणालीस? लेक हिस्सा मागायला—"

"त्याला वाट आहे," वकीलबाई मध्ये पडल्या. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटायला लागलं, की आपल्या हातून इथं काहीतरी चुकलंय, पण काय ते कळत नाही. "भट्टी आणि राहत्या खोल्या यांना हयातभरासाठी देता येतील. जिवंत असेपर्यंत त्या राहतील, चालवतील, त्यांना कुणी उठवू शकणार नाही. त्यांच्यानंतर ती तुम्हा दोघांच्या मुलांकडं जाईल. तसं लिहिता येतं."

धाकटा खाली बघत, पायाच्या अंगठ्यानं फरशी चाचपत म्हणाला, "आणि या खोलीत मला झोपता येईल ना? आलो की?"

"तुला कोण नाही म्हणणार आहे रे?" थोरली म्हणाली, आणि तिला त्याची एकदम माया आली. बँकेत साहेब आणि इथं उबदार फरशीवर लोळायला टपलेला.

"मी एवढं सगळं विचारलं होतं तुम्हाला," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांनी नको म्हणून सांगितलं होतं."

"तुम्ही एकदाच विचारलंत," तिघं एकदम म्हणाले.

"गप्प बसा सगळे," बाबा म्हणाले.

त्यांनी पेन पाटावर ठेवलं. चष्मा काढला. चष्मा काढला की त्यांचा चेहरा फार म्हातारा दिसायचा.

"इकडं ये," ते थोरलीला म्हणाले. "बस."

ती या वेळी 'राहू द्या' म्हणाली नाही. स्टूल ओढून बसली.

"बाईंनी येऊन सांगितलं, सून म्हणते मला काय करायचंय. मला एकदाचं बरं वाटलं."

"बरं वाटलं?"

"म्हटलं, सुटली पोर. भट्टी विकली जाईल, हातात चार पैसे येतील, जिथं जायचं तिथं जाईल. मी मेल्यावर तरी जाईल." त्यांनी श्वास घेतला. डॉक्टर पुढं सरकले, बाबांनी हातानंच त्यांना मागं सारलं. "तो गेला तेव्हा मी तुला विचारलं होतं. आठवतं? माहेरी जायचं का, पुन्हा संसार मांडायचा का."

"आठवतं. मी नको म्हणाले."

"वर्षानं पुन्हा विचारलं."

"पुन्हा नको म्हणाले."

"हां. मग तिसऱ्यांदा विचारायचं होतं."

थोरलीला वाटलं, आपल्या कानात भट्टी धडधडतेय. तिला वाटलं होतं, ते विसरले. म्हातारं माणूस, पोटचा पोरगा गेलेला, विसरणारच. किती वर्षं तिनं स्वतःला तेच सांगितलं होतं. सकाळचा चहा त्यांच्यापुढं ठेवला की ती क्षणभर घुटमळायची, कारण कधीतरी ते मान वर करून तिसऱ्यांदा विचारतील असं तिला वाटायचं. मग घुटमळायची नुसती सवय राहिली.

"विसरला होतात तुम्ही," ती म्हणाली. ते सांगणं नव्हतं, विनवणी होती.

"नाही," बाबा म्हणाले. "गल्ल्यावर मी बसायचो, पोरी. डोळे होते मला. तो उंच मास्तर रोज यायचा. तू हसायला लागली होतीस. तो यायच्या आधी केस विंचरायचीस. त्याची बदली झाल्याचं कळलं, तेव्हा ठरवलं होतं, आज विचारायचं. सकाळी विचारायचं ठरवलं, दुपार झाली. दुपारी ठरवलं, संध्याकाळ झाली. मनात यायचं, ही गेली तर पीठ कोण मळणार. मग मनात आलं, पिठाचं कारण कशाला सांगतोस लेका, ही गेली तर घरात त्याचं म्हणून काय उरणार? माझ्या पोराचं उरलेलं तेवढं तूच होतीस. नाही विचारलं मी."

चिमणी तोंडावर हात धरून भिंतीला टेकली. मास्तरांचं नाव या घरात आज पहिल्यांदा निघालं होतं.

"आता विचारतो," बाबा म्हणाले. "हे तिसऱ्यांदा. खरं सांग. जायचंय तुला?"

थोरलीनं त्यांच्याकडं बघितलं. या माणसाच्या अंगाला तिनं तेल लावलं होतं, याची औषधं तिनं दिली होती, याच्या जगण्यामरण्याचा कागद तिच्या नावानं कपाटात होता. याच्यावर तिचा जीव होता. आणि याच्याइतका राग तिला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

"तेव्हा विचारलं असतंत तर गेले असते, बाबा," ती म्हणाली.

"माहीत होतं मला. म्हणून तर—"

"त्याच दिवशी गेले असते. धावत गेले असते. मला तो माणूस हवा होता."

बाबांनी डोळे मिटले.

"आता जायचं म्हटलं तर कुठं? कुणाकडं? ते असतील की नसतील, घरसंसार मांडून बसले असतील. मला तिकडचं कुणी ओळखत नाही." तिचा आवाज चिरकला, तरी ती थांबली नाही. "आता मला भट्टीच उरलीय. ती तरी द्या. तुमच्या मुलाची बायको म्हणून नको. मी मागितली म्हणून द्या."

मग बाबांनी मांडीवरचा कागद उचलला, दोन्ही हातांनी वकीलबाईंच्या पुढं धरला.

"हे फाडा," ते म्हणाले. "चिमणीला तिच्या आईची खोली लिहा, आणि भट्टी ही म्हणाली तसं. तिनं मागितली म्हणून. हे शब्द पाहिजेत."

"हातानं लिहिलं तरी चालेल," बाईंनी पिशवीतून कोरा कागद काढला. "फक्त एक आहे. ज्यांना काही मिळणार आहे, त्यांनी लिहिताना आणि सही होताना खोलीत थांबू नये. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, दबाव होता. साक्षीदार तेवढे थांबा."

धाकटा उठला, चिमणी उठली. थोरली उठताना बाबांचा हात खुर्चीच्या दांडीवरून तिच्याकडं सरकला. धरावा की नाही ते तिला कळेना. तिनं तो हलकेच दाबला आणि सोडला. मग ती बाहेर आली आणि धाकट्यानं दार लावून घेतलं.

तिघं जिन्याशी उभे राहिले. आतून वकीलबाईंचा सावकाश आवाज येत होता, मधूनच चष्मेवाल्यांचा खोकला. धाकटा काहीतरी बोलायला गेला, चिमणीनं त्याचं मनगट धरलं. थोरली जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली आणि तिला रडू फुटलं. त्या मास्तरांसाठी फुटलं, न बघितलेल्या समुद्रासाठी फुटलं, आणि तिनं ते पदरात लपवलं नाही. दीर-नणंदेसमोर, उघड्या तोंडानं, आवाज काढून ती रडली.

चिमणी तिच्या शेजारी येऊन बसली. पाठीवर हात ठेवावा की नको अशी थोडी घुटमळली.

"वहिनी, पाणी आणू?"

"आण," थोरली म्हणाली.